अळीची साक्ष

नव्या ऑफिसला डबे सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच कॅशियरच्या डब्यात अळी निघाली. शिजलेली असती तर निदान गुपचूप पोटात गेली असती. ही चांगली जिवंत होती आणि कोबीच्या कच्च्या पानावरून थेट त्याच्या चमच्याकडे निघाली होती. कोबीचं ते पान भाजीबरोबर कच्चं खायला दिलेलं होतं.

फोन आला तेव्हा डबे करणाऱ्या काकूंचा आपल्या कानांवर विश्वासच बसेना. आजवर त्यांनी दोनचार एकट्यादुकट्यांचे डबे केले होते. अख्ख्या ऑफिसचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं. तेही बोलीवर. महिनाभर बघू, पसंत पडलं तर कायमचं. मोठ्या मॅडमची अट एकच, भाजी सेंद्रिय हवी. त्यासाठी काकू शहराबाहेरून येणाऱ्या शेतकरीणबाईंकडूनच भाजी घेत, ती पाण्यावर पाणी बदलून धूत आणि वर चष्मा लावून एकेक पान उलटून बघत. त्यांच्या स्वच्छतेला कंटाळून घरातल्या झुरळांनी कधीच घर सोडलं होतं. अशा बाईच्या डब्यात अळी!

"अहो, सकाळी कोबी कुणी धुतला?"

"मीच. तुझी पाठ धरली होती ना," पेपरामागून काका म्हणाले.

"मग अळी दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली की."

"मग?"

"मग परत ठेवली. पानाखाली नीट, दबू नये अशी."

काकूंनी कपाळाला हात लावला. काकांचा जन्म कोर्टात कारकुनी करण्यात गेला होता. पुराव्याशिवाय ते आपल्या तापावरही विश्वास ठेवत नसत, थर्मामीटर लागे.

"अगं, आपण सेंद्रिय म्हणतो, पण कशावरून?" पेपर खाली ठेवून ते समजावू लागले. "दुकानातली लेबलं काय, कुणीही चिकटवतं. अळी म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार! विष असतं तर ती बसली असती का त्यावर? आणि तू रोज तिला हाकलून देतेस."

"शेतकरीणबाई स्वतःच किडे हातानं वेचतात. शेणखत घालतात, कडुलिंबाचं पाणी मारतात, रासायनिक काही नाही. अळी नसली म्हणून भाजी काय खोटी होते?"

"साक्षीदारच वेचून टाकले तर खटला उभा कसा राहणार?"

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. काकू माफी मागायला निघाल्या आणि नको नको म्हणताना काकाही बरोबर निघाले.

ऑफिसात टेबलावर उलटा ग्लास, ग्लासात अळी, आणि भोवती सगळा स्टाफ. कॅशियर लालबुंद झाला होता. काकू तोंड उघडणार, इतक्यात काकांनी घसा खाकरला आणि उलटतपासणीच सुरू केली.

"मॅडम, औषध मारलेल्या कोबीवर ही जगली असती?"

"नसती बहुतेक."

"मग आणखी काय पुरावा हवा?"

मॅडम ग्लासाजवळ वाकल्या. "खरंच की! अगदी अस्सल माल दिसतोय."

कॅशियरचा राग उतरला आणि बघता बघता त्याची छाती फुगली. अळी आपल्या डब्यात निघाली होती, दुसऱ्या कुणाच्या नाही. त्यानं काचेची बरणी मागवली, आत पान घातलं आणि ती आपल्या टेबलावर मांडली. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण तो दिलासा फार टिकला नाही. दुसऱ्याच दिवशी तक्रारी आल्या. "काकू, माझ्या डब्यात काहीच नाही निघालं." "आमच्या भाजीला साधं भोकही नाही. आम्हाला काय फवारलेलं घालता?" काका लगेच पिशवी घेऊन शेतकरीणबाईंकडे गेले आणि किडका कोबी मागू लागले. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. असला माल त्या गाईपुढे टाकत.

"माझ्या हातून डब्यात अळी जाणार नाही," काकूंनी ठणकावलं. "काम गेलं तर जाऊ दे!"

असं म्हणाल्या खऱ्या, पण काम जाऊ नये म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता. डब्यांसाठी त्यांनी मोठी पातेली घेतली होती, आणि त्याहून मोठं म्हणजे, आपल्यालाही धंदा जमतो असं त्यांना नुकतंच वाटायला लागलं होतं.

शेवटी मॅडमनी दोघांना बोलावून घेतलं. "काकू, लोकांना शंका येतेय, की त्या दिवसाचाच माल खरा होता. आपण परीक्षा घेऊ. तुमची आजची भाजी अळीपुढे ठेवू. खाल्ली तर काम आजच पक्कं. नाही खाल्ली, तर मात्र…"

"मॅडम, ती कोबीची अळी. आज पालक आहे."

"सेंद्रियच आहे ना? मग काय हरकत?"

बरणीत धुतलेलं पालकाचं पान सोडलं. अळी खाऊन खाऊन चांगली गुबगुबीत झाली होती. ती पानापर्यंत आली, डोकं उचललं, इकडेतिकडे हलवलं आणि पाठ फिरवून बरणीच्या तळाशी स्वस्थ पडली.

"साक्षीदार फितूर झाला," काका हळूच पुटपुटले.

आता मात्र काकूंचं डोकं फिरलं. त्यांनी पिशवीतली पालकाची कच्ची जुडी काढली आणि सगळ्यांसमोर पानं ओरबाडून खायला सुरुवात केली.

"अळीला काय विचारता? मला विचारा की! घरी मी हेच खाते, आमचे हेही हेच खातात. तुम्हाला काही बाधलं तर मलाही बाधेल. शेतकरीणबाईंच्या शेतावर चला, खत बघा, माती बघा. पण माझी परीक्षा किड्याकडून घेऊ नका!"

तोंडात पालक असल्यामुळे शेवटचं वाक्य नीट कळलं नाही, पण सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"चुकलंच आमचं," मॅडम म्हणाल्या. "रविवारी शेतावर जाऊ सगळे. काम तुमचंच, कायमचं. फक्त एक करा. दुपारी आमच्याबरोबर जेवायला बसा. पहिला घास तुमचा, मग आमचा."

दुसऱ्या दिवशी डबे उघडले. मॅडमनी स्वतः काकूंचं ताट वाढलं, वाफा निघणारी भाजी घातली आणि खुर्ची पुढे सरकवली. सगळे हात आवरून बघत बसले. काकूंनी घास घेतला आणि चावता चावता थांबल्या.

"काय झालं काकू?" मॅडम घाबरल्या. "काही निघालं का?"

"नाही हो. गरम आहे." काकूंनी डोळे टिपले. "लग्न झाल्यापासून सगळ्यांचं उरकल्यावर बसते, तोवर सगळं गार होतं. माझी भाजी गरम अशी लागते होय?"

कॅशियरनं आपल्या डब्याकडे आशेनं पाहिलं. "मग काकू, आम्ही सुरू करू?"

"थांबा जरा," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सावकाश दुसरा घास घेतला.