देखभालमुक्त बागेची देखभाल

माणसाचं निसर्गावर मनापासून प्रेम असतं. निसर्गाने वाढू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते.

आमच्या माजिवड्याच्या सोसायटीतली हिरवळ मात्र सतरा वर्षं वाढत राहिली. खडवलीचा कुंडलिक माळी सकाळी दोन तास येऊन ती कापी, पाणी घाली, की ती पुन्हा वाढे. हा प्रकार कायमचा थांबवण्यासाठी सर्वसाधारण सभेने पांढऱ्या खड्यांची देखभालमुक्त बाग एकमताने मंजूर केली (उपस्थित अकरा, जागे सात). ओघानेच शाल-श्रीफळ देऊन कुंडलिकलाही मुक्त करण्यात आलं. मुलीचं बारावीचं वर्ष आहे, असं तो म्हणाला. सभेने त्याची नोंद घेतली. चिटणीस या नात्याने ती मीच लिहिली.

बाग आठ दिवस अप्रतिम दिसली. मग बदामाची पानं पडू लागली. झाडू मारला तर पानांबरोबर खडेही निघत, म्हणून पानं हाताने वेचायचं ठरलं. पुलाच्या कामाची धूळ आणि कबुतरं लक्षात घेऊन दर रविवारी विंगवार खडे धुण्याच्या पाळ्याही लावल्या (कबुतरांना पाळ्या मान्य नव्हत्या).

भाद्रपदात प्रश्न नाजूक झाला. बी विंगच्या विमलाबाई मूळच्या गुहागरकडच्या, त्यांच्या घरी खड्यांच्या गौरी. दरवर्षी त्या तळ्यावरून सात खडे आणत. यंदा त्यांनी बागेच्या नळाजवळचे उचलले, पूजले आणि नळ सोडून तिथेच विसर्जन केलं.

"नळ म्हणजे पाणवठाच की," त्या म्हणाल्या. "तळ्याला जायला रिक्षावाले तयार होतात का? तुम्हीच सांगा."

आणखी चार घरांनी तेच केलं. म्हणजे अंदाजे नव्वद हजार खड्यांत पस्तीस गौरी. नेमक्या कोणत्या, ते विमलाबाईंनाही सांगता येईना. तेव्हा तातडीच्या सभेने सर्वच खडे पूज्य ठरवून चपलांना बंदी केली. आता अनवाणी, ओणवं होऊन पानं वेचायला एकही विंग पुढे येईना. मी कुंडलिकला फोन लावला.

"साहेब, गवताला दोन तास पुरायचे," तो म्हणाला. "दगडांना दिवस लागंल. सखूला पण आणतो. दोघांचं लावा."

लावलं. त्याला फाटकातून बायकोसह येताना पाहून मला खरंच बरं वाटलं. मुलीने कॉलेजला नाव घातलंय.

गेल्या आठवड्यात नळाजवळ वीतभर गवत उगवलं. उपटावं तर मुळाशी गौर असायची, म्हणून ते राखलंय. संध्याकाळी सगळी सोसायटी त्याच्याभोवती जमते. कुंडलिक ते कात्रीने कापतो.

आपण हसत असाल, तर हरकत नाही. फक्त बाल्कनीतलं प्लॅस्टिकचं गवत धुऊन वाळत घातलं असेल, तर आत घ्या. आभाळ भरून आलंय.