भीमपूरच्या तळ्यातील उदरसंग्रामाची हकीकत

शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, भीमपूर मुलखी मासोळ्यांचे पोटात जे युद्ध जाहले, ते पुढिलांस कळावे म्हणोन घडले तैसे लिहिले आहे.

राजश्री केशवराव खानदानी शेतकरी. त्यांनी पाणथळ तुकड्यातील कपाशीची पऱ्हाटी मोडिली आणि तळे खणिले आणि दोन हजार रोहूंची फौज आंत उतरविली, तेव्हां अवघा गाव हसला. ते हसणे रावसाहेबांचे काळजात रुतोन बसले. तशांत भाद्रपदी फौजेने अन्न टाकिले. पेंडेच्या ढेपेचे व कोंड्याचे गोळे तैसेच तरंगो लागले, मासोळ्यांमागे विष्ठेचे पांढरे सूत लोंबो लागले, आणि रोज दोन-चार शिपाई उताणे पडो लागले. रावसाहेबांनी मसलत करोन घागरभर ओव्याचा काढा तळ्यात ओतिला. गनीम पोटात दडलेला. त्यास काढ्याची खबरही लागली नाही.

मग सूनबाई दामिनी, मत्स्यपालनाचे शिक्षण घेतलेली, पुढे जाहली. तिने प्रीबायोटिकची भुकटी आणिली, खाद्यास तेलाचा हात लाविला आणि त्यावर ती चोळिली. रावसाहेबांनी जाब पुसला.

"मामाजी, हे दवा नाही. मासोळीच्या पोटात भले जंतू रायतात, त्यायचं हे जेवण हाय. ते वाढले का बुऱ्यायले जागा उरत नाही."

"जंतूले जेवू घालून राह्यली? काऊन?"

अखेर तह ठरला. तळ्यामध्ये जाळे ताणोन दोन सुभे केले. पूर्वेस सूनबाईचे खाद्य, पश्चिमेस रावसाहेबांचे जुने. तीन आठवड्यांत पूर्वेची फौज काठाशी येवोन घास मागो लागली. पश्चिमेस सामसूम. रावसाहेबांचेच जेवण तुटले. मग एके दुपारी सूनबाई सोयाबीन कापावयास गेली असतां त्यांनी भुकटीचा डबा हस्तगत केला आणि दहा दिवसांचा दारूगोळा एकाच खाद्यात मिसळोन पश्चिमेस उडविला. दारूगोळा मोठा तर फत्ते मोठी, ऐसा त्यांचा हिशेब. तिसरे दिवशी पश्चिमेच्या मासोळ्यांची पोटे फुगली आणि अकरा शिपाई कामास आले.

राहीबाईसाहेब, रावसाहेबांचे कुटुंब, यांनी त्यांचे सदऱ्याचे बाहीवरील भुकटी पाहिली आणि रिता डबा त्यांचे पुढ्यात ठेविला. रावसाहेबांनी मान खाली घालोन कबुली दिली. सूनबाई रागे भरली नाही. पश्चिमेस दोन दिवस उपास, मग किलो खाद्यास दहाच ग्रॅम, पोटास सवय लागू द्यावी, इतकेच तिने फर्माविले. तेव्हांपासोन रावसाहेब चष्मा लावोन स्वहस्ते भुकटी तोलो लागले आणि श्वास रोखोन तोलो लागले, न जाणो एखादा कण उडेल.

कार्तिकात दोन्हीं सुभ्यांतील एकेक रोहू धरोन राहीबाईंनी चिरिला. दोहोंचे आतडे गुलाबी, घट्ट, खाद्याने भरलेले.  मग रावसाहेबांनी जाळे काढविले. हसणारे गावकरी काठी जमले होते. त्यांतील सुधाकररावांनी विचारिले, जिंकले कोण?

"सून जितली," रावसाहेब वदले. "मी एक डाव हट्टानं हारलो, अन् दुसरा घाईनं."

येणेप्रमाणे कार्तिक वद्य पंचमीस मोहीम फत्ते जाहली. गनीम हटला, उरली फौज खाऊनपिऊन खुशाल. तळ्याचा कारभार दामिनीबाईंकडे मुक्रर जाहला, आणि घास टाकण्याची चाकरी केशवरावांकडे, जी त्यांनी सूनबाईकडे अर्ज करोन मागोन घेतली.