चंदी म्हशीची म्याट्रिक

त्या सकाळी गोठ्यात हुतो ते असं: माजं सासरं आबा, सासू आत्याबाई, मोठं दीर दादा, धारंला बसल्याली मी, आन आमची चंदी म्हस. म्याट्रिकचा आभ्यास चंदीचा चालल्याला.

हसू नगा. दादा दोनदा नापास झाल्यालं. घोकून घोकून घसा बसला, डोस्क्यात काय बसंना. मग त्येंनी ठरवलं, दुसऱ्याला समजावून सांगितलं तरच आपल्याला कळतं. आता लोनावळ्याजवळ, भुशी गावाच्या अंगाला आमच्या वाडीत म्याट्रिकचं ऐकनार कोन? रोज सकाळच्या धारंला दादा चंदीला शिकवायचं. "कळलं का, चंदे?" तिनं कान हलवला तर म्होरं, शेपूट हलवलं तर पुन्यांदा पयल्यापास्नं. तिला दिसावं म्हनून कोळशानं भिंतीवर मोठ्ठाली अक्षरंबी काडायचं.

"चष्मा तेवडा आना आता म्हशीला," आत्याबाई म्हनायच्या.

मी गप. माजा धनी, म्हंजी दादांचा धाकटा भाव, लग्नाच्या दुसऱ्या वर्सी तापानं गेला. रडाया सवड न्हवती, धारा काडायच्या असायच्या. आन धाकल्या भावाच्या बायकूनं मोठ्या दिराशी बोलायचं न्हाई, ही आमची रीत. काय सांगायचंच असंल तर चंदीला सांगायचं. "चंदे, सांग त्यास्नी, भाकरी झाली." "चंदे, सांग तिला, आलोच."

तर त्या सकाळी आबा काठी घिऊन आलं. "दाद्या, उंद्या पुन्याला परीक्षा न्हवं? आत्ता माज्याम्होरं सांग. अडलास की परीक्षा बंद. लोनावळ्याला इंजनावर कोळसा वढाया जायचं."

आबास्नी अक्षर येत न्हवतं, पर अडल्यालं बराबर कळायचं.

दादा चंद्राच्या गिरानावर आलं. "चंद्र हिकडं, सूर्व्या तिकडं, मदी... मदी..." घाम फुटला. आबांनी काठी उचलली.

"चंदे, सांग त्यास्नी, मदी पिरथिमी येती. तिची सावली पडती."

त्वांडातनं गेलंच माज्या. धार थांबली.

"कोन बोललं?" आबा वरडलं.

"चंदी," दादा म्हनालं. "दोन वर्सं ऐकतीया. बोलनारच की."

आबा म्हशीकडं बगत ऱ्हायलं. चंदीनं कान हलवला.

"म्हस पास हुईल, तुजा भरवसा न्हाई," म्हनलं, आन काठी टेकत गेलं.

दादा पास झालं. कालिजात पुन्याला निगालं तवा गोठ्याच्या दारात थांबलं. "चंदे, आता तुजं तूच वाच. भिंत सारवू दिऊ नगंस."

त्या दिशी धार काडताना म्या मान वर केली. चंदीचं त्वांड गव्हानीकडं. अक्षरं समदी तिच्या पाठीमागल्या भिंतीवर. माज्या डोळ्याम्होरं.

उभ्या जल्मात आमी दोगं येकमेकांशी येक सबूद बोललो न्हाई. आता दादाबी न्हाईत, चंदी तर कवाच गेली. हे माजं मीच लिवलंय.

वाचनाऱ्यानं येवडं करा, मनात वाचू नगा. मोठ्यानं वाचा. जवळ कुनी भांडी घासत बसली असंल, तिच्या कानावर जाऊ द्या.