भुजंगकाकांची ओरडण्याची शिकवणी

दिलसुखनगरात कशाची म्हणून शिकवणी मिळत नाही? पण ओरडण्याची शिकवणी एकटे आमचे भुजंगकाकाच घ्यायचे. तेलविहिरी खोदणाऱ्या रिगवर त्यांचा उभा जन्म गेलेला. निवृत्तीनंतर एका शटरच्या गाळ्यात ते रिगवर निघालेल्या पोरांना तयार करायचे. आल्या आल्या प्रत्येकाची बोटं मोजायची. दहा भरली की, "हौ, बराबर है," आणि मगच आत बसायला सांगायचे.

यंत्रं कंपनी शिकवील, म्हणायचे, तुम्ही ओरडायला शिका. रिगवर कुणाच्या जिवावर बेततंय असं दिसलं, तर काल आलेल्या माणसानंही मोठ्या साहेबावर ओरडून काम थांबवायचं. मग आम्ही ओळीनं घसा फोडायचो. कुणी "रोको", कुणी तेलुगूत "आपु", मी "थांब". ती आमचं तेलुगू राज्य दोनात फुटण्याची वर्षं, रोज मोर्चा, रोज बंद. आमचा गलका ऐकून शेजारचा इडलीवाला घाबरून दुकान ओढून घ्यायचा आणि काका हात जोडून ते उघडायला लावायचे.

माझी मात्र पंचाईत. वडील सरकारी नोकरीत, आपण कुठल्या राज्यात पडणार या धास्तीत. घरात मोठ्यांपुढे ब्र काढायची सोय नाही. मला समुद्रकाठच्या रिगवर नोकरी लागली होती आणि खरं सांगतो, मला रिगची भीती वाटत होती. काकांवर ओरडायची पाळी आली की मी म्हणायचो, "काका, जरा थांबता का?" पोरं खदखदायची. काका हसत नसत. तेवढ्यात हात गेला मियाँ, म्हणायचे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला एकट्याला थांबवून घेतलं. दारात उकिडवे बसले, डावा हात उंबऱ्यावर ठेवला आणि उजव्यानं शटर खाली ओढायला लागले. मला आधी थट्टा वाटली. शटर खाली येतच राहिलं. मी नुसता त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो. शेवटी बोटांपासून वीतभर अंतरावर त्यांनीच ते धरलं.

मग सांगायला लागले. रिगवर त्यांचा साहेब म्हणजे त्यांचा सख्खा थोरला भाऊ, त्यानंच त्यांना नोकरीला चिकटवलेलं. एक दिवस वर टांगलेला पाइप निसटताना काकांना आधी दिसला. भाऊ नेमका त्याच्याखाली उभा.

"दादावर ओरडायचं कसं? मी म्हणालो, दादा, जरा..."

तेवढ्यात पाइप खाली आला होता. आणि मला पहिल्यांदाच रिगपेक्षा माझ्या गप्प बसण्याची भीती वाटली.

काकांनी हात परत उंबऱ्यावर ठेवला. शटर हललं मात्र, आणि मी जीव खाऊन ओरडलो, "थांब!" बापाच्या वयाच्या माणसावर. रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली.

काकांनी डोळे मिटले होते.

"आणखी एकदा," ते म्हणाले.