चौथ्या मजल्याचा पंप

पंप कसा निवडावा, हे मला कोणी शिकवू नये! हैदराबादच्या पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. हौदातलं पाणी चौथ्या मजल्यावर चढवलंय. फटफटीचं पेट्रोल हातभर चढवायचं म्हणजे काय हो!

त्र्याण्णव साली आमच्या साइडकारवाल्या फटफटीची टाकी गंजून गळायला लागली. नवी यायला महिना, आणि आमच्या सौ.च्या, सरोजच्या, भाचीचं लग्न चार दिवसांवर! रुखवताच्या करंज्या घेऊन तिला काचीगुड्याहून नांदेडची गाडी गाठायची होती.

"मी रिक्षानं जाते," सरोज म्हणाली.

"घरात वाहन असताना?"

मी दहा लिटरचा डबा आणला, बुडाला तोटी बसवली आणि डबा साइडकारमध्ये, तिच्या पायाशी ठेवला. डबा खाली, कार्बोरेटर वर. म्हणजे मध्ये पंप आलाच!

अफझलगंजातल्या जब्बारभाईंच्या दुकानात गेलो. बाजार नुकताच खुला झालेला. काउंटरवर जपानी माल नवरदेवासारखा मिरवत होता. त्यांनी काडेपेटीएवढा पंप पुढे केला. माझी नजर शेजारच्या नारळाएवढ्या पंपावर!

"वो नक्को साब, मोटरकार का है. कार्बोरेटर में इत्तीसी सुई रहती, वोइच पेट्रोल रोकती. ये पंप सुई कू उठाके फेंक देगा."

"मियाँ, हमने चौथे माले पे पानी चढाया है!"

"तो पानीच चढाओ साब," म्हणत त्यांनी पंप बांधून दिला.

पंप बसवला, नळी जोडली, हातभर जास्तच ठेवली. चालवून मात्र पाहिला नाही. उद्घाटनाआधी नळ सोडायची आमच्या खात्यात पद्धतच नव्हती!

निघायच्या दिवशी तारनाक्याच्या आमच्या फाटकापाशी शेजारचे केशवराव नारळ, उदबत्ती घेऊन हजर. सरोज साइडकारमध्ये, मांडीवर करंज्यांची टोपली. नांदेडची गाडी सुटायला पाऊण तास. मी ऐटीत बटण दाबलं.

पंप गुरगुरला आणि कार्बोरेटरमधून कारंजं उडालं! माझा सदरा, सरोजचं पातळ, करंज्या, सगळ्यांना अभिषेक!

"अरे वा, जोर आहे हो!" म्हणत केशवरावांनी उदबत्तीसाठी काडी काढली.

"केशवराव, काडी नको!!" आम्ही दोघंही किंचाळलो. मी बटण बंद केलं.

"आता रिक्षा बघा," मी हळूच म्हणालो.

"भर दुपारी तारनाक्यात? संध्याकाळी मिळेल," केशवराव म्हणाले.

सरोज पदर खोचून खाली उतरली. "अहो, गच्चीवरच्या टाकीतून मोरीत पाणी यायला मोटर लावता का?"

"नाही..."

"मग?"

तिनं डबा उचलून मागच्या सीटवर ठेवला, होल्डॉलच्या पट्ट्यानं आवळला. मी निमूटपणे पंप काढून नळी थेट कार्बोरेटरला लावली. तोटी सोडली. पेट्रोल आपल्या पायांनी खाली आलं. पहिल्याच किकेला फटफटी सुरू!

गाडी शिट्टी देत असताना आम्ही काचीगुड्याच्या फलाटावर पोचलो.

आठ दिवसांनी नांदेडहून सरोजचं कार्ड आलं: "लग्न छान झालं. रुखवताचं फार कौतुक झालं. करंज्या मात्र कोणी उष्ट्या केल्या नाहीत. आणि रुखवतापाशी समई लावू द्यायची नाही म्हणून मला अख्खा दिवस तिथेच बसावं लागलं."