काट्यावर तोललेले नोझल

त्या दिवशी अमरावतीत सकाळपासून धुई होती. नऊ वाजले तरी ऊन मनावर घेत नव्हतं. बाजारातला माणूस बोलला की तोंडातून आधी वाफ निघे, मग भाव. माझा पालक आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकून झाला होता. अशा थंडीत माणसानं चहा प्यावा आणि सरळ घरची, दर्यापूरची वाट धरावी. मी जीपचे नोझल बदलायला इमरानच्या दुकानात गेलो. (चहा न पिता. तिथंच चुकलं.)

जीप माझी जुनी, डिझेलची. इंजिनात चार नोझल असतात. ते डिझेलचा फवारा मारतात, म्हणून गाडी चालते. चारही झिजले होते, आणि आठ दिवसांवर माझ्या नातवाचं, सागरचं, साक्षगंध (म्हणजे साखरपुडा) आलं होतं. सोयरे अकोल्याचे, कार्यक्रम त्यांच्याच घरी. मुलीचे आजोबा डोमाजी, जन्मभर ट्रकची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी फोनवरच बजावलं होतं, "अकरा म्हणजे अकरा. मागचे पाहुणे साडेअकराले आले, त्याईले चहा पाजून वापस धाडलं."

सागरला ती मुलगी, गीतांजली, फार आवडली होती. तो उठता-बसता मला एकच सांगे, "आबा, गाडी तेवढी नीट करा."

इमराननं दोन खोके समोर ठेवले. "चाचा, हे सुटे नोझल. अन् हे चार जुळवलेले. मशीनवर लावून पायले हायेत, चारही सारखंच डिझेल सोडतात. याचे हजार रुपये जास्त."

"नुसते जुळवाचे हजार?"

"खोकंभर तपासा लागतात चाचा, तवा कुठी चार सारखे सापडतात."

आता माझं आयुष्यच सारखं निवडण्यात गेलेलं. चाळीस वर्षं सांबाराच्या जुड्या बांधतो. एका जुडीत चार काड्या कमी दाखवा, मी मिशी उतरवीन. आणि चार सारखे नोझल निवडायला मी दुसऱ्याला पैसे देऊ?

"सुट्यातून मीच निवडतो," मी म्हणालो, आणि जीपमधून भाजीचा काटा काढून आणला.

वांगी निवडतो तसे आधी चमकदार नोझल बाजूला काढले. (देठ पाहायची सवय, पण नोझलला देठ नसतो.) मग एकेक तोलला. तासाभरात चार असे सापडले की ग्रॅमचा फरक नाही.

"चाचा, ये बैंगन नहीं हैं," इमरान हळूच म्हणाला. "वजन सारखं म्हणून धार सारखी नसते."

"तू बसव बाप्पा."

माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहून त्यानं बसवले. इंजिन सुरू झालं ते थरथरतच. मी म्हटलं, नवी चप्पलही दोन दिवस चावते.

आठव्या दिवशीही ती चावतच होती.

साक्षगंधाला आम्ही सकाळी निघालो. पुढं माझ्याजवळ बायको, आमची मैनाबाई, मांडीवर बताशांचा डबा घेऊन. मागं मुलगा, सून, शेजारचे अब्दुल सत्तारभाई आणि अगदी दाराशी, इस्त्री मोडू नये म्हणून, कोऱ्या पांढऱ्या कुर्त्यात सागर.

"आबा, गाडी काहून कापून राहिली?" सागर ओरडला.

"थंडी हाय," मी म्हणालो.

"भाऊ, थंडी गाडीले लागली का आमाले?" सत्तारभाई म्हणाले. "माहे दात वाजून राहिले, अन् मले तं दातच चार हायेत."

एक नोझल इंजिनाला पोटभर पाजत होता, दुसरा नुसते ओठ ओले करत होता. चढावर गाडी काळा धूर सोडी, आणि तो मागच्या दारातून घरच्यासारखा आत येई. शाळेत जाणारी एक पोरगी सायकलवरून आमच्या पुढं गेली. तिनं वळून आमच्याकडे फार मायेनं पाहिलं.

पोचलो तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. डोमाजी फाटकात उभे. सागर उतरला. जवसाच्या चटणीत लोळवून काढल्यासारखा दिसत होता. दारातून गीतांजली ओढणी तोंडात धरून हसत होती. मैनाबाईनं डबा उघडला. बताशांची पिठीसाखर झाली होती.

डोमाजींनी ना घड्याळ पाहिलं ना नवरदेव. ते अजून सुरू असलेल्या इंजिनाला कान लावून उभे राहिले.

"नोझल कोनं निवडले?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. इमरानचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. (आलं होतं, खोटं कशाला सांगू?) पण सागरच्या काळ्या तोंडात दोन डोळे तेवढे पांढरे दिसत होते, ते माझ्याकडेच लागलेले.

"मीनं. काट्यावर तोलून."

"मेकॅनिकनं जुळवलेले दाखवले नवते?"

"दाखवले व्हते."

"मंग?"

"मले वाटलं, मले जास्त समजते."

मग डोमाजींनी आवाज दिला, "गीतांजली, पाहुन्याइले तोंड धुवाले पानी दे. अन् साबन." मग मला म्हणाले, "व्याही, मेकॅनिकच्या नावानं बिल फाडलं असतं तं आत्ताच वापस धाडलं असतं. साक्षगंध होईन. पन माही नात या गाडीत बसनार नाई. जुळवलेले टाका, मंग आना वरात."

दुसऱ्या दिवशी अमरावती. इमराननं आधी चहा मागवला, मग माझे चार नोझल मशीनवर लावून दाखवले. एकाखालची काचेची नळी काठोकाठ, एकीचा तळ नुसता ओला. मग त्याचे जुळवलेले लावले. चारही नळ्यांत डिझेल एका रेषेत चढलं, शाळेतली पोरं रांगेत उभी असतात तसं. मी मुकाट्यानं हजार रुपये जास्तीचे दिले.

परत येताना जीप अशी चालली, जणू बंदच आहे. मन इतकं हलकं झालं, की मी मोकळ्या गळ्यानं भजन म्हणत गल्लीत शिरलो.

सत्तारभाई ओट्यावर बसले होते. मी इंजिन सुरूच ठेवून विचारलं, "सांगा सत्तारभाई, हजार वसूल हायेत का नाई?"

ते उठून जवळ आले, थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "वसूल भाऊ, गाडी लय शांत झाली. पन पयले तिच्या आवाजात तुमचं गानं दबून जाये. आता ते बंद कराचे इमरान किती घेते, तेवढं इचारून या."