गबाजीशेठचे पाहुणे

एका जंगलात, मुलांनो, एक अस्वल होतं. त्याचं नाव गबाजीशेठ. त्याचा चारोळीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक मोठा खडक. खडकावर बसून खारी दिवसभर दातांनी बिया फोडायच्या. गबाजीशेठ सावलीत बसून त्यांच्याकडे बघायचा. या बघण्याला व्यवस्थापन म्हणतात.

त्या जंगलात कामगारांसाठी पुष्कळ कायदे होते. ते कोणालाच पाठ नव्हते, त्यामुळे सगळं सुरळीत चाललं होतं. मग सिंह महाराजांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ते सगळे मोडीत काढून एकच नवा कायदा केला. कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावी. दुपारी विसावा द्यावा. कामगारीण लेकुरवाळी असेल तर कामाच्या जागी पाळणा बांधावा.

ठकूबाई खार नुकतीच बाळंत झाली होती. तिची पिल्लं ढोलीत एकटी असायची आणि झाडाखाली धामण फिरायची. ती धीर करून म्हणाली, "शेठ, तो पाळणा तेवढा बांधा. माझा सगळा जीव तिकडे लागलेला असतो."

"बघू," शेठ म्हणाला आणि तडक कोल्हे वकिलांकडे गेला.

वकिलांनी कायदा वरून वाचला, खालून वाचला आणि ते हसले. "शेठ, हा कायदा कामगारांना लागू आहे. तुम्ही कामगार ठेवूच नका."

"मग बिया कोण फोडणार?"

"त्याच खारी. फक्त उद्यापासून त्यांना पाहुणे म्हणा."

शेठला वकिलांचे पाय धरावेसे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने खडकासमोर जाहीर केलं, "आजपासून इथे कोणी कामगार नाही. तुम्ही सगळ्या माझ्या घरचे पाहुणे!"

"खरंच पाहुणे?" ठकूबाईने विचारलं.

"अगदी खरं! महाराजांसमोरही सांगेन."

ठकूबाई उठली. घरी जाऊन पिल्लं घेऊन आली. शेठच्या सावलीत त्यांना निजवलं आणि स्वतःही शेजारी लवंडली. बाकीच्या खारीही खडक सोडून सावलीत येऊन पसरल्या.

"अगं ठकू, बिया?"

"पाहुण्यांना कामाला लावता, शेठ? जंगलात काय तोंड दाखवाल? आणि पाहुण्यांना अगं-तुगं करतात का?"

शेठ गडबडला. "तसं नव्हे, ठकूबाई... आपण काही घेणार?"

"पेरू चालतील. पिकलेले."

शेठ धावत वकिलांकडे गेला. "यांना परत कामगार म्हटलं तर?"

"तर सुट्टी, विसावा आणि पाळणा," वकील म्हणाले.

शेठने कपाळाला हात लावला. सकाळी पेरू आणायचे, दुपारी पाहुण्यांना वारा घालायचा आणि उरलेल्या वेळात स्वतः बिया फोडायच्या. पण अस्वलाची दाढ ती. बी आणि चारोळी, दोन्हींचं पीठ व्हायचं.

अशात महाराजांचे तपासनीस करकोचेसाहेब आले.

"कामगार किती?"

"एकही नाही, साहेब! सगळे पाहुणे."

साहेबांनी मान लांब करून त्याला न्याहाळलं. "मग घामाघूम होऊन बिया फोडतोय तो कोण?"

"तो मीच. मालक."

"काम करतो तो कामगार. तुला सुट्टी मिळते?"

"नाही साहेब."

"दुपारचा विसावा?"

"कुठला विसावा!" शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "अंग नुसतं पिळून निघतंय, साहेब."

"अरेरे! कोण हा निर्दयी मालक?"

शेठने हळूच स्वतःकडे बोट दाखवलं.

साहेबांनी जागच्या जागी न्याय केला. मालकाने कामगाराची जाहीर माफी मागावी, तोवर कारखाना बंद. गबाजीशेठ ओढ्याकाठी गेला. पाण्यातल्या आपल्या तोंडाकडे बघत त्याने हात जोडले. "चुकलो, शेठ." सगळं जंगल बघत होतं. पाण्यातल्या अस्वलानेही हात जोडले, तेव्हा प्रकरण मिटलं.

मग तो ठकूबाईकडे आला. "बाई, कृपा करा. कामगार व्हा."

"तुमच्याकडे पाहुणचार उत्तम आहे हो," ठकूबाई म्हणाली. "बघू."

संध्याकाळपर्यंत शेठने स्वतः पाळणा बांधला. मऊ शेवरीचा कापूसही घातला. मग ठकूबाई कामगार झाली.

कोल्हे वकील आता इतर मालकांना सांगत फिरतात, "गबाजीशेठकडे कायदा शब्दशः पाळला जातो. सल्ला आमचाच!"

तात्पर्य : मुलांनो, चांगला कायदा अमलात यायला राजाचा धाक पुरत नाही, मालकाची दया तर नाहीच नाही. त्याला एक वाईट सल्ला लागतो. म्हणून मोठेपणी कारखाना काढलात, तर पदरी एक कोल्हा जरूर ठेवा.